ठळक तिरपा ब्रश फॉन्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, नांदेडकडचे फ्लेक्सवाले, रेडियम कापणारे, मंडळांचे कार्यकर्ते आणि नवं दुकान टाकणारे लोक हे प्रश्न फिरून फिरून पाठवतात. भाषा थोडी सरळ केली आहे, प्रश्न त्यांचेच आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. ठळक तिरपा ब्रश फॉन्ट म्हणजे नेमका कोणता? तो एकच आहे का?

एकच नाही, ही अक्षरांची एक जात आहे. रेघ जाड, अक्षर उजवीकडं कललेलं आणि रेघेची टोकं ब्रशनं ओढल्यासारखी, म्हणजे टेकवलं तिथं फुगीर, उचललं तिथं निमुळती किंवा फाटलेली. इंग्रजीत या जातीचा सगळ्यांत माहितीतला नमुना म्हणजे 'ब्रश स्क्रिप्ट'. रॉबर्ट स्मिथ यांनी तो १९४२ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी केला. त्याहून दांडगा 'शोक' हा रोजे एक्सकोफों या फ्रेंच माणसाचा, १९५५ चा.

आपल्याकडं ही अक्षरं छापखान्यातून आली नाहीत, पेंटरच्या हातातून आली. खतांच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगवलेल्या गावच्या भिंती, ट्रकचे फाळके, तंबूतल्या सिनेमाचे बोर्ड. चपटा ब्रश, ऑइल पेंट आणि शिडीवर उभं राहून एका दमात ओढलेला शब्द. आज संगणकावर जे शोधतो ती या हाताची आठवण आहे, म्हणून जो फॉन्ट हातासारखा वाटत नाही तो कितीही ठळक असला तरी फसतो.

२. देवनागरीत इटॅलिक असतं का? काही जण म्हणतात ते आपलं नाहीच.

पुस्तकी छपाईपुरतं ते खरं आहे. रोमन लिपीत इटॅलिकचा जन्म १५०१ च्या सुमारास व्हेनिसला, आल्डस मानुशियसच्या छापखान्यात झाला. तिथं सरळ आणि तिरपं ही दोन वेगळी वळणं एकमेकांसोबत वाढली. देवनागरीच्या खिळ्यांत तशी जोडी रुळली नाही. मराठी पुस्तकात एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर आपण तो ठळक करतो किंवा अवतरणात घालतो.

पण हाताच्या लिखाणात तिरपेपणा परका नाही. मोडी घ्या. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात न उचलता खाली अक्षरं लटकवत जायची. वेग आला की अक्षर कलतंच. ब्रशच्या तिरप्या देवनागरीचं नातं आल्डसच्या इटॅलिकपेक्षा या वेगाशी जास्त जवळचं आहे.

३. मग साधा ठळक फॉन्ट घेऊन इटॅलिकचं बटण दाबलं तर काय बिघडतं?

बटण दाबल्यावर बहुतेक वेळा खरं इटॅलिक येत नाही, अक्षर नुसतं ढकललं जातं. 'मंगल'चंच बघा. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेल्या या फॉन्टला तिरपा भाऊ नाही, तरी बटण दाबलं की तो कलतो. विंडोजमधल्या 'कोकिळा', 'उत्साह' आणि 'अपराजिता' या तिघांना मात्र स्वतःचं तिरपं आणि ठळक-तिरपं रूप आहे. ते मजकुराचे फॉन्ट आहेत, ब्रशचे नाहीत.

ढकलल्यावर नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे डोळा तयार होईल. आडव्या रेघेची जाडी तेवढीच राहते. उभा काना कलला की थोडा बारीक होतो. उजवीकडं वर चढणारी रेघ ताणली जाऊन आणखी बारीक होते, आणि डावीकडून उजवीकडं उतरणारी रेघ आखडून जाड होते. म्हणून ढकललेल्या अक्षरात शिरोरेषा जड आणि काना अशक्त दिसतो, 'ळ' आणि 'ठ' यांचे गोल उजव्या कोपऱ्यात ओढल्यासारखे होतात. ब्रशच्या अक्षरात तर जाड-बारीक हीच सगळी गंमत, तीच मोडते.

नाइलाजच असेल तर कोरलमध्ये (फ्लेक्स-पाट्या मांडायच्या कोरलड्रॉ प्रोग्रॅममध्ये) आठ-दहा अंशांच्या पुढं ढकलू नका.

४. हा फॉन्ट कशाला शोभतो?

जिथं ओरडायचं आहे तिथं. कुस्तीची दंगल, कबड्डीचे सामने, शंकरपट, शिवजयंतीची मिरवणूक, गणेश मंडळाचं नाव, 'भव्य उद्घाटन', 'महासेल', ढाबा, रसवंती, चहाचा गाडा, यूट्यूबच्या चित्रावरचा मथळा. माळेगावच्या यात्रेत किंवा उरुसाच्या बाजारात एक फेरी मारा. लांबून वाचल्या जाणाऱ्या पाट्यांत ही अक्षरं पुढं असतात, कारण चालत्या माणसाला दोन शब्दच वाचायचे असतात.

तेच त्याचं माप आहे: दोन-तीन शब्द, फार तर चार. पाचवा शब्द आला की दुसरा, सरळ आणि शांत फॉन्ट घ्या. फ्लेक्सवर मोठ्या शब्दाला ब्रश, खाली तारीख-वेळ-ठिकाणाला 'मुक्ता' किंवा 'हिंद', इतकी जोडी पुरते. तारीख ब्रशमध्ये लिहिलेले फ्लेक्स मी रोज बघतो आणि कार्यक्रम कधी आहे ते मला शेजाऱ्याला विचारावं लागतं.

५. आणि कुठं मुळीच नको?

'भावपूर्ण श्रद्धांजली'ला नको. आपल्याकडं चौकाचौकात तेराव्याचे फ्लेक्स लागतात आणि त्यातले बरेच वाढदिवसाच्या फायलीवर नाव बदलून केलेले असतात. फोटो उदास आणि अक्षर मात्र धावत सुटलेलं. घरच्यांना नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. तिथं सरळ उभी, मध्यम जाडीची अक्षरं घ्या.

दवाखान्याच्या आत, औषधाच्या मात्रेवर, फवारणीच्या प्रमाणावर, विजेच्या धोक्याच्या सूचनेवर आणि शाळेच्या पहिली-दुसरीच्या तक्त्यावरही नको. जे चुकीचं वाचल्यानं नुकसान होईल ते ब्रशमध्ये लिहायचं नाही. बारीक मजकुरातही नको. कागदावर २४ पॉइंटच्या खाली बहुतेक ठळक ब्रश फॉन्टांची पोटं, म्हणजे अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा, बुजतात (प्रश्न ९).

लग्नपत्रिकेचं विचारतात. 'शुभविवाह' शब्दाला चालेल असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. हळदीच्या फ्लेक्सला मात्र खुशाल वापरा.

६. फुकट आणि कायदेशीर असे कोणते मिळतील?

गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे बरेच आहेत, पण खरा ठळक, तिरपा आणि ब्रशचा असा तिहेरी मेळ तिथं दुर्मीळ आहे. जवळपास जाणारे सांगतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' चांगला कललेला आहे आणि त्याला ठळक वजनही (वजन म्हणजे जाडीचा प्रकार) आहे, मात्र त्याची चाल पेनाची आहे. त्यांचाच 'तिल्लाना' लपेटीचा, पाच वजनांत मिळतो. 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला, ब्रशचा खरा, पण तिरपा नाही. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'बलू' गुबगुबीत, त्यांचाच 'मोदक' तर इतका लठ्ठ की आतल्या मोकळ्या जागेची नुसती रेघ उरते.

माझ्या मते फुकटात काम करायचं तर 'यात्रा वन' घेऊन शब्द वर चढवावा (प्रश्न ११), किंवा मुख्य शब्द हातानं लिहून घ्यावा (प्रश्न १९).

७. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर नाव पाठवतं. ते चिकटवलं की माझ्या ब्रश फॉन्टमध्ये दिसतच नाही, साध्या फॉन्टमध्ये दिसतं. का?

कारण तुमचा फॉन्ट बहुधा जुन्या पद्धतीचा आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या पिढीच्या फॉन्टांत देवनागरी चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. संगणकाच्या लेखी तिथं 'क' नसतोच, कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. व्हॉट्सॲपवरून येतो तो युनिकोड मजकूर, त्यात 'क' हा 'क'च असतो. जुन्या फॉन्टकडं त्याच्यासाठी घरच नाही, म्हणून प्रोग्रॅम दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो. उलट बाजूनंही तेच. जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो.

उपाय दोन. मजकूर कन्व्हर्टरमधून काढून घ्या, आणि त्यानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर तिथंच घसरतात. किंवा युनिकोड ब्रश फॉन्ट घ्या आणि हा त्रास कायमचा संपवा. मात्र जुन्या कोरलमध्ये युनिकोड देवनागरी नीट जुळत नाही. 'कि'ची वेलांटी 'क'च्या मागं जाऊन बसते. फोटोशॉपमध्ये असं झालं तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा.

८. 'शेतकऱ्यांसाठी' आणि 'ॲग्रो' हे दोन शब्द तुटतात. कृषी सेवा केंद्राचं काम, दोन्ही शब्द रोजचे!

'शेतकऱ्यांसाठी'मधला अर्धा र हा रफार नाही. तो कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा यांतला आडवा, पापणीसारखा र आहे. युनिकोडमध्ये तो 'ऱ' या नुक्त्याच्या (खाली ठिपका असलेल्या) र-ला हलन्त देऊन लिहितात. साधा र टंकला की 'शेतकर्यांसाठी' होतं आणि रफार 'या'च्या डोक्यावर चढतो. फॉन्ट हिंदीपुरता केलेला असेल तर त्यात हा र काढलेलाच नसतो. विकत घेण्याआधी हा एक शब्द टंकून बघा, फॉन्टची निम्मी परीक्षा तिथंच होते.

'ॲ'चं दुखणं वेगळं आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक 'अ' लिहून वर चंद्र ठेवत, म्हणून दिसायला एकच पण आतून दोन प्रकारचे 'ॲ' फिरत आहेत. एक तुटला तर दुसऱ्या पद्धतीनं टंका.

जाता जाता 'ल' आणि 'श' तपासा. मराठी वळणाचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण धरला आहे. चांगल्या फॉन्टांत हिंदी आणि मराठी दोन्ही रूपं असतात, पण प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी रूप येत नाही. '५', '८' आणि '९' या अंकांचंही तसंच.

९. लांबून लोक भलतंच वाचतात. दोष फॉन्टचा की माझा?

अर्धा अर्धा. ब्रश जाड झाला की अक्षराचं पोट बुजतं आणि देवनागरीत कित्येक अक्षरांची ओळख पोटातल्या एका रेघेवर असते. सगळ्यांत धोक्याची जोडी ब आणि व. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ रंगात बुडाली की बाबांचे 'वावा' होतात. त्याखालोखाल घ-ध, भ-म, थ-य आणि ष-प. 'क्ष' आणि 'ज्ञ' तर ठळक ब्रशमध्ये नुसती गाठ दिसते.

'ख' हा वेगळा घोळ आहे. ज्या फॉन्टात ख-ची खालची जोडरेघ नाही तिथं 'ख' आणि 'रव' यांच्यात फरक उरत नाही. किराणा दुकानाच्या बोर्डावर 'रवा' लिहिलं तर गिऱ्हाईक 'खा' वाचतं.

तपासायची सोपी रीत: पूर्ण फ्लेक्स पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढा करा आणि ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाला वाचायला द्या. तुम्ही स्वतः वाचू नका, तुम्हाला तर ते पाठ आहे. अडखळलं तर अक्षराला जाड बाहेरची कड देऊ नका (कडेनं पोट आणखी बुजतं), अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवा, किंवा एक वजन खाली या.

१०. अक्षरांना पांढरी कड दिली की शिरोरेषेवर प्रत्येक अक्षरापाशी उभ्या रेघा दिसतात. त्या कशा घालवायच्या?

देवनागरी फॉन्टात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, सांधा उघडा पडू नये म्हणून. भरीव रंगात ते कळत नाही. कड दिली की प्रत्येक तुकड्याला वेगळी कड लागते आणि सांधे दिसतात. अक्षर अर्धपारदर्शक केलं तर त्याच जागी गडद पट्टेही दिसतात.

कोरलमध्ये आधी कंट्रोल-क्यूनं मजकुराचे कर्व्ह करा, म्हणजे टंकलेल्या अक्षरांचे नुसते आकार होतात, मग सगळे तुकडे वेल्ड करून (सांधून) एक आकार बनवा आणि शेवटी कड द्या. घाईत कंट्रोल-के दाबून आकार फोडू नका. फोडला की ठ, ढ, ध यांची पोटं भरून जातात. मूळ टंकलेली प्रत पानाच्या बाहेर ठेवा, कारण कर्व्ह झालेल्या नावातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायला गिऱ्हाईक येणारच.

सुक्या ब्रशच्या, फाटक्या पोताच्या फॉन्टात हा प्रश्न आणखी अवघड होतो. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेला फाटकं टोक असेल तर शब्द तुटक दिसतो. चांगल्या फॉन्टात शिरोरेषेचा मधला भाग गुळगुळीत ठेवलेला असतो आणि पोत फक्त शब्दाच्या सुरुवातीला व शेवटी येतो. काही फॉन्ट शिरोरेषा मधेमधे तोडूनच देतात. तेही चालतं, फक्त तोडण्यात लय हवी.

११. शब्द उजवीकडं वर चढवतात ती पद्धत फॉन्टमध्ये असते की आपण करायची?

आपण करायची. फॉन्टात शिरोरेषा आडवीच असावी लागते, नाहीतर पुढचं अक्षर मागच्याला जुळणार नाही. अक्षर कलणं आणि ओळ चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कल फॉन्टात असतो. चढ हवा तर पूर्ण शब्द उभ्या दिशेनं स्क्यू करा (ढकला), म्हणजे काने होते तसे राहतात आणि शिरोरेषा तेवढी चढते. पाच ते आठ अंश पुष्कळ झाले. नुसता फिरवला तर वळण उलटं जातं. शब्द डावीकडं कलंडतो आणि फॉन्टचा उजवा कल मारला जातो.

चढ दिला तर त्याखालच्या सगळ्या ओळींना देऊ नका. एक चढती आणि बाकी आडव्या.

१२. 'छत्रपती संभाजीनगर' एका ओळीत बसत नाही. 'धाराशिव' मात्र छान दिसतं. काय करावं?

नाव बदललं तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. 'धाराशिव'मध्ये चार मोकळी अक्षरं, एकच वेलांटी, खाली काही लोंबत नाही. 'छत्रपती संभाजीनगर'मध्ये दहा अक्षरं, एक 'त्र', दोन दीर्घ वेलांट्या आणि एक अनुस्वार. एका ओळीत कोंबायला लोक अक्षरं आडवी दाबतात आणि मग काने सुतासारखे होतात. तसं करू नका.

दोन ओळी करा. 'छत्रपती' वर, साधारण निम्म्या आकारात, सरळ ठळक फॉन्टात. 'संभाजीनगर' खाली ब्रशमध्ये. दोन ओळींत अंतर ठेवताना 'जी'च्या वेलांटीची कमान आणि 'सं'चा ठिपका वरच्या ओळीच्या तळाला टेकत नाहीत ना, ते बघा.

१३. दुकानाच्या पाटीवर हा फॉन्ट कायद्यानं चालतो का?

चालतो. कायदा फॉन्टच्या वळणात शिरत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांसह सगळ्यांची पाटी देवनागरीत मराठी असायला हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

गोची अशी की ब्रश फॉन्टांत मात्रा-वेलांट्यांना जागा सोडलेली असल्यानं, सारख्या पॉइंटात देवनागरी इंग्रजीपेक्षा लहान दिसते. पॉइंटाचा आकडा जुळवून थांबू नका, शिरोरेषेपासून तळापर्यंतचं अक्षर पट्टीनं मोजा. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि फोन साध्या फॉन्टात ठेवा.

१४. निवडणुकीच्या पोस्टरला काही वेगळं बघावं लागतं का?

उमेदवाराचं नाव आणि घोषणा ब्रशमध्ये खुशाल लिहा. पण लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे पत्रक-पोस्टरवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असावा लागतो. ती ओळ शोभेच्या फॉन्टात बारीक करून कोपऱ्यात दडपू नका, ती वाचता आली पाहिजे. गावच्या फ्लेक्सला पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते ती वेगळी.

१५. बुलेटच्या नंबरप्लेटवर तिरप्या ब्रशमध्ये 'दादा' करून मिळेल का?

नाही. नंबरप्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय अंक, ठरलेल्या मापात, एवढंच चालतं. ४१४१ चे अंक वाकवून 'दादा' करणं हा दंडाचा मामला आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट कंपनीकडूनच येते आणि आता राज्यात जुन्या गाड्यांनाही ती बंधनकारक झाली आहे. एमएच २० असो की एमएच ३८, हौस टाकीवर आणि मडगार्डवर भागवा.

१६. रेडियम कापताना प्लॉटर अडखळतो, बारीक तुकडे उडतात.

फॉन्ट सुक्या ब्रशचा आहे. त्या फाटक्या कडांत शेकडो नोड (रेघ वळते ते बिंदू) असतात आणि पातं प्रत्येक ठिकाणी वळतं. उसाच्या ट्रॉलीवर किंवा ट्रॅक्टरच्या बोनेटवर लावायचं तर गुळगुळीत कडेचा ब्रश फॉन्ट घ्या. सुकाच हवा असेल तर कोरलमध्ये नोड कमी करा आणि नखाहून लहान तुकडे पुसून टाका, ते नाहीतरी पहिल्याच धुण्यात निघतात. अनुस्वाराचा ठिपका मोठा करा. कापण्याआधी वेल्ड करायचंच (प्रश्न १०), नाहीतर पातं प्रत्येक सांध्यावर रेडियम चिरतं.

१७. रंग आणि सावली किती?

एक रंग, एक कड, एक सावली. पिवळ्यावर लाल किंवा काळं, गडद निळ्यावर पांढरं किंवा पिवळं. भगव्यावर लाल लांबून बुडतं. सावली कलाच्या दिशेनं टाकू नका, अक्षर पुसट होतं. उजवा कल असेल तर सावली डावीकडं खाली टाका. सोनेरी ग्रेडियंट पडद्यावर झळकतो, फ्लेक्सवर शेणकट येतो.

१८. पाटीवर मराठीसोबत उर्दू आणि इंग्रजीही हवी आहे. तिन्ही तिरप्या करू?

उर्दूला हात लावू नका. नस्तालिकमध्ये, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या वळणात, प्रत्येक शब्द मुळातच उजवीकडून डावीकडं उतरत जातो. तिला इटॅलिकचं बटण लावलं की तिचा तोल जातो. संभाजीनगर, नांदेड, परभणीत तीन लिपींच्या जुन्या पाट्या आहेत. बऱ्याच ठिकाणी उर्दू लिहिणारा कातिब वेगळा आणि मराठीचा पेंटर वेगळा असे. प्रत्येक लिपी आपल्या चालीनं लिहिलेली असते आणि तरी पाटी एकसंध दिसते, कारण जाडी आणि रंग सारखे असतात. तेवढंच सारखं करा. इंग्रजीला 'ब्रश स्क्रिप्ट'च्या जातीचं काही घेतलं तर सगळी कॅपिटल अक्षरं लिहू नका. या फॉन्टांची कॅपिटल शब्दाच्या सुरुवातीपुरती काढलेली असतात.

१९. फॉन्ट घ्यावा की पेंटरकडून लिहून घ्यावं?

एकदाच लिहायचं असेल तर पेंटर. दुकानाचं नाव, मंडळाचं नाव, गावची कमान या वर्षानुवर्षं राहणाऱ्या गोष्टी आहेत. चांगला पेंटर कागदावर लिहून देईल, त्याचा फोटो काढून कोरलमध्ये ट्रेस करा, आयुष्यभराची खूण मिळाली. रोज नवा मजकूर असेल तर फॉन्ट.

फरक 'दादा' या शब्दात दिसतो. फॉन्टात दोन्ही द हुबेहूब सारखे, फाटकी टोकंसुद्धा त्याच जागी, आणि डोळा लगेच ओळखतो की हे हाताचं नाही. पेंटरचा दुसरा द कधीच पहिल्यासारखा नसतो. महागड्या फॉन्टांत एकाच अक्षराची दोन-तीन रूपं असतात, ती आलटून पालटून वापरा. नसतील तर कर्व्ह करून दुसऱ्या द-ची शेपटी थोडी ओढा.

२०. डाउनलोड केलेला फॉन्ट गिऱ्हाइकाच्या कामाला वापरला तर चालतं का?

परवाना वाचा. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर धंद्याच्या कामाला वापरता येतो, बदलता येतो, वाटता येतो, नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' लिहिलं असेल तर गिऱ्हाइकाचा फ्लेक्स त्यात बसत नाही. टेलिग्रामवर 'पाचशे मराठी फॉन्ट' म्हणून फिरणाऱ्या गठ्ठ्यांत विकतचे फॉन्ट फोडून घातलेले असतात, वर त्यांची नावं बदललेली. छापायला फाइल पाठवताना फॉन्ट पाठवू नका, कर्व्ह केलेली पीडीएफ पाठवा.

२१. मोबाइलवर जमेल का?

जमेल. पिक्सेललॅबसारख्या ॲपमध्ये फॉन्टची फाइल टाकता येते. युनिकोड फॉन्ट असेल तर अँड्रॉइड जोडाक्षरं नीट जुळवतं. जुना असेल तर प्रश्न ७. मोठ्या फ्लेक्ससाठी मात्र मोबाइलची फाइल पुरत नाही, अक्षरांच्या कडा फुटतात.

२२. माझं स्वतःचं ब्रशचं अक्षर चांगलं आहे. त्याचा फॉन्ट करता येईल?

येईल, पण कामाचा अंदाज घेऊन उतरा. इंग्रजीचा साधा फॉन्ट शंभर-दीडशे आकृत्यांत उरकतो. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, उकार-वेलांट्यांची रूपं धरून काहीशे आकृत्या लागतात. तिरप्यात वेलांटी सगळ्यांत छळते. 'कि', 'नि' आणि 'ष्ठि' यांची रुंदी वेगवेगळी, कमान प्रत्येकीच्या कान्यावर अचूक उतरायला हवी, म्हणून एकाच ऱ्हस्व वेलांटीची चार-पाच रूपं काढावी लागतात. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की ('सर्वांनी') दोघांना जागा ठरवून द्यावी लागते.

सुरुवात कागदावर करा. चपटा ब्रश, एकच कोन, आणि आधी फक्त 'न', 'म', 'क', 'ब', 'ळ'. या पाचांचा कल आणि जाडी जुळली की पुढं जा. फॉन्टफोर्ज फुकट आहे, शिकायला पुरेसं आहे.

२३. गावच्या कमानीवर स्टीलची उठावाची अक्षरं बसवायची आहेत, ब्रश वळणात. कारागीर म्हणतो जमणार नाही. खरं आहे का?

फॉन्ट आहे तसा दिला तर त्याचं बरोबर आहे. तिरप्या अक्षराचा भार एका बाजूला जातो, आणि अनुस्वार, नुक्ता, चंद्र हे सुटे तुकडे हवेत लटकू शकत नाहीत. फाटकी टोकं स्टीलमध्ये कापता येतात, पण बोटं कापतील अशी धारदार राहतात. गुळगुळीत कडेचं वळण घ्या, शिरोरेषा नेहमीपेक्षा जाड ठेवा आणि पूर्ण शब्द एकाच पत्र्यात कापा, म्हणजे सगळा भार शिरोरेषा पेलेल. अनुस्वाराला मागून सळई वेल्ड करायची किंवा ठिपका शिरोरेषेला टेकवून काढायचा. उकार कमानीच्या स्लॅबला टेकतो का, ते कागदाचा पूर्ण मापाचा नमुना वर लावून आधी बघा. स्टेन्सिल कापून रंगवायचं असेल तर उलटी काळजी घ्या. ठ, ढ, ध, भ यांची पोटं गळून पडतात, त्यांना बारीक पूल सोडावे लागतात आणि ते पूल कलाच्याच दिशेनं सोडले तर खटकत नाहीत.